छोट्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बॉटनेटचा सी-टू सर्व्हर कसा ओळखायचा आणि कसा अडवायचा

हा लेख अशा माणसासाठी आहे ज्याच्या गळ्यात २० ते ५० मशीनचं नेटवर्क पडलंय: पतसंस्था, सीएचं ऑफिस, शाळा, छोटा कारखाना. वेगळी सिक्युरिटी टीम नाही आणि महागडा फायरवॉल घ्यायला बजेटही नाही. अशातच इंटरनेट कंपनीचा ईमेल येतो की तुमच्या आयपीवरून बॉटनेटचा, म्हणजे व्हायरसने ताब्यात घेतलेल्या मशीनच्या टोळीचा, ट्रॅफिक जातोय. आता पुढे काय?

आधी थोडी पार्श्वभूमी. बाधित मशीन, म्हणजे बॉट, स्वतःहून बाहेर फोन लावतं आणि हुकूम मागतं. ज्याला फोन लागतो तो कमांड अँड कंट्रोल सर्व्हर, बोलीत सी-टू. कनेक्शन आतून बाहेर जातं, म्हणून बाहेरून येणारं सगळं बंद ठेवणारा फायरवॉल इथे कुचकामी ठरतो. सी-टू अडवताना उद्देश नुसता दार बंद करण्याचा नसतो. ते दार आतून कोण ठोठावतंय ते लिहून ठेवायचं असतं. लॉगशिवाय ब्लॉक केलात तर ट्रॅफिक थांबेल, पण बाधित मशीन कोणतं ते कधीच कळणार नाही, आणि ते मशीन उद्या दुसऱ्या पत्त्यावर फोन लावेल.

काय काय हाताशी हवं

- व्यवस्थापनाची लेखी परवानगी. कर्मचाऱ्यांचा ट्रॅफिक बघणार आहात, तोंडी होकारावर जाऊ नका.
- मशीन, मॅक ॲड्रेस, आयपी, टेबल नंबर अशी एक्सेल यादी. त्यात डीव्हीआर, प्रिंटर आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशीनही.
- राउटरच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप, राउटरच्या बाहेर ठेवलेला.
- जुना डेस्कटॉप: ८ जीबी रॅम, ५०० जीबी डिस्क, २ नेटवर्क कार्ड. यावर झीक किंवा सुरिकाटा, म्हणजे ट्रॅफिक बघून लॉग लिहिणारा प्रोग्राम, चालेल. दोन्ही फुकट आहेत.
- पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) असलेला मॅनेज्ड स्विच. साधा ८ पोर्टचा स्मार्ट स्विचही चालतो.
- पाय-होलसाठी (नावावरून आयपी सांगणारा, म्हणजे डीएनएस, आणि नको ती नावं अडवणारा छोटा सर्व्हर) रास्पबेरी पाय किंवा एखादं व्हर्च्युअल मशीन.

१. घड्याळं एका वेळेवर आणा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात आणि नंतर इथेच अडकतात. राउटर, डीएनएस सर्व्हर, डीव्हीआर, विंडोज मशीन, सगळ्यांची वेळ एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरवरून घ्या. मग कुठला लॉग कुठली वेळ लिहितो ते तपासा. झीक १९७० पासूनचे सेकंद लिहितं. सुरिकाटा वेळेसोबत +०५३० असा फरकही लिहितं. बाहेरून येणाऱ्या नोटिसा बहुधा यूटीसीत असतात. नोटिशीत ०२:१० लिहिलं असेल तर आपल्याकडे सकाळचे ०७:४० वाजलेले असतात. रात्री दोनला ऑफिसात कोण होतं म्हणून वॉचमनला धारेवर धरण्याआधी साडेपाच तास मिळवा.

डीएचसीपीमध्ये (मशीनना आयपी वाटणाऱ्या सेवेत) प्रत्येक मशीनला ठरलेला आयपी बांधून द्या. फोन दर नेटवर्कला वेगळा मॅक दाखवतात, म्हणून ते सरळ गेस्ट वाय-फायवर टाका.

२. डीएनएस एकाच दारातून जाऊ द्या

बहुतेक बॉट सी-टूचा पत्ता नावाने शोधतात, त्यामुळे सगळ्यात स्वस्त आणि फायद्याची नजर डीएनएसवर. पाय-होल लावा आणि त्याला पुढे विचारायला ९.९.९.९ म्हणजे क्वाड-नाइन द्या. ती सेवा ओळखीची घातक नावं स्वतःच नाकारते. मग राउटरवर नियम करा: पोर्ट ५३ वर बाहेर जायची मुभा फक्त पाय-होलला, यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर. बाकी कोणी गेलं तर अडवा आणि लॉग करा. पोर्ट ८५३ सुद्धा बंद करा, कारण एन्क्रिप्टेड डीएनएस त्यावरून जातो.

यातल्या अडचणी एकेक करून बघू.

डीएचसीपीने मशीनना पाय-होलचा पत्ता थेट द्यायला हवा. मशीन राउटरला विचारतंय आणि राउटर पाय-होलला, अशी साखळी असेल तर लॉगमध्ये सगळे प्रश्न राउटरच्याच नावावर दिसतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची लॉगिन व्यवस्था) असेल तर हीच गंमत तिच्या सर्व्हरची, म्हणजे डोमेन कंट्रोलरची, होते. सगळे पीसी त्याला विचारतात, तो पुढे विचारतो, आणि नोटिशीत किंवा लॉगमध्ये तोच बाधित दिसतो. चांगला चालणारा डोमेन कंट्रोलर फॉरमॅट करायला निघालेली माणसं असतात. थांबा, यावर उपाय सहाव्या पायरीत आहे.

दुसरी अडचण ब्राउझरच्या डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएसची. ते पोर्ट ४४३ वरून जातं, म्हणून पोर्ट बंद करून भागत नाही. फायरफॉक्ससाठी एक सोय आहे: 'यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट' या नावाला तुमच्या डीएनएसने 'असं नाव अस्तित्वात नाही', म्हणजे एनएक्सडोमेन, असं उत्तर दिलं की फायरफॉक्स आपोआप सुरू झालेलं हे फीचर बंद ठेवतो. वापरणाऱ्याने हाताने चालू केलेलं मात्र यानं बंद होत नाही, ते ग्रुप पॉलिसीतून करा.

तिसरी अडचण आयपीव्ही६ ची. सगळे नियम व्ही४ वर केले आणि इंटरनेट कंपनीने व्ही६ चालू ठेवलंय, म्हणजे मागचं दार सताड उघडं. व्ही६ वर तेच नियम करा, किंवा गरज नसेल तर राउटरवर व्ही६ बंद करा.

३. आठवडाभर फक्त बघा

पहिल्याच दिवशी ब्लॉकलिस्टा ओतू नका. तुमच्या नेटवर्कचं रोजचं वागणं कसं आहे हे माहीत नसेल तर वावगं काय ते दिसणार नाही. निदान ७ दिवसांचा लॉग घ्या, त्यात एक रविवार हवा. ऑफिस बंद असताना जे मशीन बोलतं ते आधी बघायचं.

डीएनएस लॉगमध्ये काय शोधायचं?

एनएक्सडोमेनचा पूर. काही बॉट सी-टूचं नाव गणिताने रोज नव्याने तयार करतात आणि त्यातलं एखादंच नाव मालकाने खरोखर घेतलेलं असतं. कॉनफिकर हे त्याचं गाजलेलं उदाहरण. २००८ च्या पहिल्या आवृत्त्या रोज २५० नावं बनवायच्या. १ एप्रिल २००९ पासून कॉनफिकर-सी रोज ५०,००० नावं बनवून त्यातली ५०० चाचपायला लागला. अशा मशीनच्या नावावर अर्थहीन अक्षरांच्या डोमेनची आणि फसलेल्या उत्तरांची रांग लागते. एक खबरदारी: क्वाड-नाइन घातक नाव अडवतानाही एनएक्सडोमेनच देतं. नाव मुळात नाही की अडवलंय हे कळायला डिग कमांडचं (ती डीएनएसला प्रश्न विचारते) उत्तर बघा. ऑथॉरिटीचा आकडा ० असेल तर ते क्वाड-नाइनने अडवलेलं आहे. नाव खरंच नसेल तर तिथे एसओए रेकॉर्ड (त्या झोनची मूळ नोंद) असतो. अडवलेलं नाव जास्त मोलाचं, कारण कोणीतरी ते आधीच घातक ठरवलंय.

लांबलचक सबडोमेन आणि टीएक्सटी (मजकुराची नोंद मागणाऱ्या) प्रश्नांचा मारा. नावाच्या एका तुकड्यात जास्तीत जास्त ६३ अक्षरं मावतात. एकाच डोमेनखाली प्रत्येक वेळी वेगळं, जवळपास भरलेलं नाव विचारलं जात असेल तर डीएनएसमधूनच माहिती बाहेर जातेय असं समजा. अँटिव्हायरसही अशा पद्धतीने फाइलची पडताळणी करतात, म्हणून डोमेन कोणाचं ते आधी बघा.

डीएनएसबाहेर दोन गोष्टी लगेच दिसतात. मेल सर्व्हर नसलेल्या मशीनवरून पोर्ट २५ वर जाणारी कनेक्शन म्हणजे स्पॅम. डीव्हीआर किंवा कॅमेऱ्यावरून अनोळखी आयपींच्या पोर्ट २३ आणि २३२३ वर जाणारे प्रयत्न म्हणजे मिराई नावाचा बॉट किंवा त्याचा एखादा भाऊबंद. २०१६ चा मूळ मिराई फॅक्टरीचे साठेक यूजरनेम-पासवर्ड लावून बघत टेलनेटवरून पसरला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा बॉट होते ते असलेच कॅमेरे आणि राउटर. त्याचा सोर्स कोड उघड्यावर आल्यामुळे त्याची पिलावळ अजून संपलेली नाही.

४. ठोका मोजा

बॉट ठरावीक वेळाने 'काही काम आहे का' विचारतो. त्याला बीकन म्हणतात. नाव, आयपी, एन्क्रिप्शन सगळं बदललं तरी ही सवय सहसा सुटत नाही. म्हणून ब्लॉकलिस्टपेक्षा माझा भरवसा यावर जास्त.

मिरर पोर्टवर झीक लावा आणि त्याच्या कनेक्शन लॉगमधून एका आतल्या आणि एका बाहेरच्या आयपीची जोडी काढा. समजा वेळा अशा आल्या: १०:००:०७, १०:०५:०९, १०:१०:०४, १०:१५:०८, १०:२०:०६. मधली अंतरं ३०२, २९५, ३०४, २९८ सेकंद. माणूस असा वागत नाही. त्यात प्रत्येक वेळी बाहेर गेलेले बाइट्सही जवळपास सारखेच असतील तर संशय पक्का करत चला. हे हाताने करायचं नसेल तर रीटा हे फुकटचं साधन झीकचे लॉग वाचून प्रत्येक जोडीला गुण देतं. त्याला निदान २४ तासांचा लॉग द्या. हुशार बॉट अंतरात मुद्दाम थोडी उलटसुलट करतात. त्यांच्यासाठी अंतरापेक्षा दर तासाला किती कनेक्शन झाली ते बघा. तो आकडा दिवसभर एकाच पातळीवर राहतो, जेवणाच्या सुट्टीतही.

इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, डीएनएस लॉगवर ठोका मोजणं: विंडोज उत्तर काही काळ साठवून ठेवतं, त्यामुळे प्रत्येक बीकनला प्रश्न जात नाही. मोजायचं ते कनेक्शन लॉगवर. दोन, झीक कनेक्शन संपल्यावरच त्याची ओळ लिहितं. ३ दिवस उघडं राहिलेलं कनेक्शन ३ दिवस लॉगमध्ये नसतंच. अशी लांब कनेक्शन राउटरच्या चालू कनेक्शनच्या यादीत शोधा.

आणि नियमित ठोका म्हणजे बॉटच असं नाही. एनटीपी, अँड्रॉइडचे नोटिफिकेशन (पोर्ट ५२२८ ते ५२३०), विंडोजची इंटरनेट आहे का बघणारी तपासणी, अँटिव्हायरसचे अपडेट, कॅमेऱ्याचं क्लाउड, हजेरी मशीन, हे सगळे घड्याळाच्या काट्यावर बोलतात. त्यांची 'माहितीतले' म्हणून वेगळी यादी करा. ही यादी बनवण्यातच पहिला आठवडा जातो, आणि तो सत्कारणी लागतो.

५. संशयिताची खातरजमा करा, पण त्याच्या दारात न जाता

संशयित डोमेन ब्राउझरमध्ये उघडू नका. पिंग करू नका, पोर्ट स्कॅनही नको. आयपी तुमच्या ऑफिसचाच असतो आणि पलीकडचा माणूस लॉग बघत असतो. ॲब्यूज डॉट सीएचच्या थ्रेटफॉक्स आणि यूआरएलहाउसवर नाव शोधा, व्हायरसटोटलवर बघा, डोमेन कधी नोंदवलंय ते हूइजवर बघा. १० दिवसांपूर्वीचं डोमेन आणि दर ५ मिनिटांचा ठोका, एवढं पुरे. व्हायरसटोटलवर फाइल अपलोड करू नका, तिचा हॅश (फाइलचा ठसा) शोधा. अपलोड केलेली फाइल इतरांना मिळू शकते, आणि ती एखाद्या सभासदाच्या कर्जाची असू शकते.

व्हॉट्सॲपवर सहकाऱ्याला डोमेन पाठवायचं असेल तर टिंबाभोवती चौकोनी कंस घाला. नाहीतर प्रीव्ह्यू बनवायला तुमचाच फोन तिथे जाऊन येतो.

आता मशीनवरचा कोणता प्रोग्राम बोलतोय ते शोधायचं. मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन फुकट आहे. त्याचा इव्हेंट २२ डीएनएस प्रश्न कोणत्या प्रोसेसने विचारला ते सांगतो, इव्हेंट ३ नेटवर्क कनेक्शन सांगतो. इव्हेंट ३ मुळात बंद असतो, कॉन्फिगरेशनमधून चालू करावा लागतो. प्रोसेसचं नाव एक्सप्लोरर किंवा रनडीएलएल३२ असं ओळखीचं निघालं म्हणून हायसं वाटून घेऊ नका. बॉट अशाच प्रोसेसच्या पोटात शिरतात.

नाव आधीच एखाद्या संशोधन संस्थेच्या सिंकहोलकडे (बॉटचा ट्रॅफिक अडवून नोंदवणाऱ्या सर्व्हरकडे) वळवलेलं निघालं तर सी-टू मेला म्हणून सोडून देऊ नका. सी-टू गेला, पण तुमचं मशीन अजून बाधितच आहे. दुसऱ्या कोणी त्यात आणखी काही घातलंय का ते कोण बघणार?

६. आता अडवा

क्रम महत्त्वाचा आहे.

नाव आधी, आयपी नंतर. डीएनएसमध्ये त्या नावाचं उत्तर बदला. साध्या नेटवर्कमध्ये पाय-होलमधला ब्लॉक पुरतो, कारण कोणी विचारलं ते तो स्वतः लिहितो. डोमेन कंट्रोलर मध्ये असेल तर नुसतं ०.०.०.० देऊन कळत नाही. त्या नावाला आतल्या एका मोकळ्या मशीनचा (हा तुमचा सिंकहोल) आयपी द्या आणि त्या मशीनवर येणारी प्रत्येक कनेक्शन लॉग करा. प्रश्न डोमेन कंट्रोलरने विचारला तरी कनेक्शन करायला खरा बॉटच येतो, आणि आपला आयपी सोडून जातो. बाइंड किंवा अनबाउंड हे डीएनएस सर्व्हर वापरत असाल तर हेच काम आरपीझेड झोनने (नावांची उत्तरं बदलणाऱ्या यादीने) होतं. दुसऱ्या पायरीतलं कोडं इथे सुटतं.

मग बाहेर जाणारा आयपी. नियम फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या ट्रॅफिकच्या नियमांत), आतून बाहेरच्या दिशेने, लॉग चालू ठेवून. आयपी एखाद्या मोठ्या सीडीएनचा (अनेक साइटची पानं पुरवणाऱ्या सेवेचा) असेल तर तो अडवू नका, त्याच्यामागे हजारो साइट असतात आणि दुपारपर्यंत अर्धं ऑफिस तुमच्या टेबलाशी येईल. टेलिग्राम किंवा गिटहबसारख्या सेवेतून हुकूम घेणारे बॉटही आहेत. तिथे सेवा बंद करण्यापेक्षा ते मशीन उचलणं शहाणपणाचं.

चालू कनेक्शन तोडा. हे न केल्यामुळे 'नियम लावला तरी ट्रॅफिक चालूच' अशी तक्रार होते. फायरवॉल प्रस्थापित कनेक्शन पुन्हा तपासत नाही. पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये डायग्नॉस्टिक्स → स्टेट्समध्ये तो आयपी शोधून स्टेट मारा. मायक्रोटिक राउटरमध्ये आणखी एक मेख आहे: डीफॉल्ट कॉन्फिगरेशनमधला फास्टट्रॅक नियम चालू कनेक्शन फायरवॉलला वळसा घालून नेतो. तुमचा ड्रॉप नियम त्याच्या वर ठेवा आणि आयपी → फायरवॉल → कनेक्शन्समधून ती ओळ काढून टाका.

शेवटी फीड, म्हणजे घातक पत्त्यांच्या तयार याद्या. स्पॅमहाउसची ड्रॉप यादी आणि थ्रेटफॉक्स पुरेत. फिओडो ट्रॅकरची यादीही चांगली, पण ती इमोटेट, क्वॅकबॉटसारख्या बॉटच्या मोजक्याच घराण्यांची आहे. मे २०२४ च्या ऑपरेशन एंडगेमसारख्या पोलिसी कारवायांनंतर ती जवळपास रिकामी झाली. यादी रिकामी दिसली म्हणून फीड बिघडलाय असं नाही, आणि धोका टळलाय असंही नाही. १० याद्या एकावर एक रचू नका. चुकीचे ब्लॉक वाढतात, आणि मग कोणीतरी वैतागून सगळंच बंद करतं. हाताने टाकलेल्या प्रत्येक आयपीला तारीख आणि कारण लिहा, ३० दिवसांनी फेरतपासणी करा. भाड्याचे आयपी हात बदलतात.

कॅमेरे, डीव्हीआर आणि हजेरी मशीनसाठी याच्या उलट पद्धत: त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (आतल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) टाका आणि बाहेर जाणं सरसकट बंद करा. लागेल तेवढीच वाट उघडा. एवढं एक काम केलंत तरी मिराईच्या वंशावळीचा प्रश्न निम्म्याहून जास्त मिटतो.

७. बाधित मशीनचं काय करायचं

नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, पण मशीन बंद करू नका. पुरावा मेमरीत असतो. लॉग कॉपी करून झाले की डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. नुसता अँटिव्हायरस फिरवून मशीन परत देणं मला पटत नाही. बॉटने आणखी काय आणून ठेवलं ते स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. त्या मशीनवर वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला, ईमेलचे चालू लॉगिन तोडा आणि बँकेच्या पोर्टलचा पासवर्ड सगळ्यात आधी.

डीव्हीआरचं वेगळं. मिराई मेमरीतच राहतो, रीस्टार्ट केला की जातो, आणि काही मिनिटांत परत येतो. म्हणून आधी इंटरनेट तोडा, मग रीस्टार्ट, मग पासवर्ड आणि फर्मवेअर. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग काढा, यूपीएनपी बंद करा, आणि मगच वायर जोडा.

राउटरही तपासा. मायक्रोटिकमध्ये सिस्टम → शेड्यूलरमध्ये फेच करणारी अनोळखी स्क्रिप्ट, चालू असलेला सॉक्स प्रॉक्सी, तुम्ही न बनवलेला एलटूटीपी क्लायंट, ही २०२१ च्या मेरिस बॉटनेटची खूण. राउटरओएस (मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) नवं केलं तरी जुना चोरलेला पासवर्ड चालतोच, तोही बदला.

८. कोणाला कळवायचं

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे असतात. कळवायच्या घटनांच्या यादीत बॉटचा स्पष्ट उल्लेख आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. सगळी माहिती गोळा होईपर्यंत थांबू नका. हाताशी आहे तेवढं पाठवा, उरलेलं मागून द्या. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट काढायची साधनं फुकट मिळतात. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा.

इंटरनेट कंपनीच्या नोटिशीला उत्तर देताना सोर्स पोर्ट आणि सेकंदासकट वेळ मागा. अनेक कंपन्या एकच पब्लिक आयपी कित्येक ग्राहकांना वाटून देतात, आणि सोर्स पोर्ट नसेल तर तो ट्रॅफिक तुमचाच होता हे कोणालाच सांगता येत नाही. तुमचा आयपी स्टॅटिक असेल तर तोच सोर्स पोर्ट तुमच्या राउटरच्या नॅट लॉगमध्ये (आतल्या कुठल्या मशीनने कुठला पोर्ट वापरला याच्या नोंदीत) शोधा, आतलं मशीन सापडेल. राउटरवर नॅट लॉग चालूच नसेल तर आज चालू करा.

मशीन परत जोडल्यावर १४ दिवस सिंकहोलचा लॉग रोज सकाळी बघा, विशेषतः रविवार-सोमवारचा. त्यात जुन्याच मशीनचा आयपी आला तर फॉरमॅटनंतर बॅकअपमधून काय काय परत टाकलंत ते तपासा. वेगळाच आयपी आला तर त्या मशीनसाठी पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.